पुढच्या भागात काय हवं?

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर मी बरीच वर्षं गेम पार्लर चालवलं. सुरुवातीला लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेले कॉम्प्युटर, मग प्लेस्टेशन, शेवटी शेवटी टेबलाला आवळून बसवलेलं एक स्टेअरिंग. क्रिकेट आणि गोळीबाराचे गेमही चालायचे, पण गल्ला भरायचा तो गाड्यांच्या शर्यतींवर आणि त्यातही ‘नीड फॉर स्पीड’वर. ही मालिका १९९४ साली सुरू झाली आणि पुढे कितीतरी वर्षं जवळपास दरवर्षी तिचा नवा भाग येत राहिला. भाग यायच्या आधी पोरं ‘आता यात काय काय हवं’ याची यादी करत बसायची. आल्यावर ‘काय राहिलं’ याची. काउंटरमागे बसून या दोन्ही याद्या मी इतक्या वेळा ऐकल्या की त्या मला पाठ झाल्या. त्यातल्या बहुतेक गोष्टी नव्या नसायच्याच. आधीच्या कुठल्यातरी भागात त्या होत्या, पोरांना आवडल्या होत्या, आणि मग कधीतरी कोणाला न विचारता काढून टाकल्या गेल्या होत्या.

२०२२ च्या ‘अनबाउंड’नंतर या मालिकेत कन्सोल-कॉम्प्युटरसाठी नवा भाग आलेला नाही. ‘अनबाउंड’ बनवणाऱ्या क्रायटेरियन स्टुडिओतली बहुतेक मंडळी २०२३ मध्ये ‘बॅटलफील्ड’ या युद्धाच्या गेमकडे वळवली गेली. माझी जुनी गिऱ्हाइकं आता नोकरीधंद्याला लागली. कोणी डोंबिवलीला गेलं, कोणी विरारला. तरी गणपतीत लालबागला आली की हा विषय निघतोच. म्हणून म्हटलं, त्यांचं म्हणणं एकदा लिहून काढावं.

सगळ्यात वरची मागणी शेजारी बसून खेळण्याची. पडदा मधोमध कापायचा, अर्धा तुझा, अर्धा माझा. १९९९ चा ‘हाय स्टेक्स’ माझ्याकडे प्लेस्टेशनवर होता. त्यात आणखी एक प्रकार होता. दोघांनी आपापलं मेमरी कार्ड मशीनला लावायचं, कमावलेली गाडी पणाला लावायची, आणि हरणाऱ्याची गाडी त्याच्या कार्डावरून जाऊन जिंकणाऱ्याच्या कार्डावर चढायची. एकदा गणेश गल्लीतला एक मुलगा आणि चिवडा गल्लीतला त्याचा वर्गमित्र असे भिडले. गणेश गल्लीवाला हरला. ती गाडी त्यानं सगळी सुट्टी घालवून कमावली होती. तो काही बोलला नाही, कार्ड खिशात टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी जिंकलेला मुलगा एकटाच आला आणि मला म्हणाला, ‘दादा, गाडी परत देता येते का?’ तशी काही सोय गेममध्ये नव्हती. परत द्यायची तर परत हरावं लागणार. मग त्यानं मित्राला बोलावून आणलं, पुन्हा पैज लावली, आणि शेवटच्या वळणावर सगळ्यांच्या देखत गाडी सरळ भिंतीवर घातली. मित्रालाही कळलं, बाकीच्यांनाही कळलं, पण कोणी तोंडातून अक्षर काढलं नाही. त्या दिवसापासून ती जोडी फुटली नाही.

आज ऑनलाइन शर्यतीत जगातल्या कुठल्याही माणसाशी भिडता येतं, त्यात मजा आहेच. पण ‘पडदा कापायची सोय परत आणा’ असं जेव्हा आता चाळिशीकडे झुकलेला माणूस म्हणतो, तेव्हा त्याला तो कोपराला लागलेला कोपर हवा असतो. या मालिकेतून ती सोय हळूहळू नाहीशी झाली. कारण तांत्रिक आहे. एकाच यंत्राला दोन खिडक्यांसाठी दोनदा चित्र काढावं लागतं, आणि मोठमोठी मोकळी शहरं, चकाकते रस्ते, पाऊस असं सगळं दाखवायचं तर एकदाच काढताना मशीनची दमछाक होते. बनवणाऱ्यांनी दिसण्याला कौल दिला. माझ्याकडच्या पोरांना विचारलं असतं तर त्यांनी चकाकी निम्मी करून दुसरी खुर्ची मागितली असती.

दुसरी तक्रार रोजची. ‘दादा, कॉम्प्युटर रडीचा डाव खेळतो.’ आधी मला वाटायचं, हरल्यावर म्हणतातच. पण एका मुलानं ते सिद्ध करून दाखवलं. मनगटावरच्या घड्याळात वेळ लावून तो एकच शर्यत पुन्हा पुन्हा खेळला आणि वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहीत गेला. एकदा सुरुवातीलाच मुद्दाम थांबून राहिला. तरी पुढच्या गाड्या त्याची वाट पाहिल्यासारख्या रेंगाळल्या आणि त्यानं त्यांना गाठलं. मग एकही चूक न करता शर्यत काढली, तरी दुसऱ्या नंबरची गाडी शेवटच्या टप्प्यात त्याच्या बंपरला येऊन चिकटली. वहीतले आकडे स्वच्छ सांगत होते की तो जितका वेगात, तितकीच ती गाडी वेगात. अशा गेममध्ये प्रतिस्पर्ध्याचा वेग तुमच्या वेगाला बांधलेला असतो. शर्यत चुरशीची राहावी म्हणून हे करतात. २००५ च्या ‘मोस्ट वाँटेड’सारख्या लाडक्या भागातही ते जाणवायचं.

तो मुलगा तेव्हा जे बोलला ते मी विसरलो नाही. म्हणाला, ‘मला दहा सेकंदांनी हरवलं तरी चालेल, पण खरं हरवा.’ गेम सोपा करा असं माझ्याकडे जवळपास कोणी म्हणालं नाही. अवघड हवा होता, पण मेहनतीचा हिशेब चोख लागावा अशी अपेक्षा होती. गिरणगावात वाढलेल्या पोरांना हिशेबातली लबाडी लगेच कळते, असं मला तरी तेव्हा वाटायचं.

दुपारच्या वेळी एक टॅक्सीवाला यायचा. वयानं माझ्याहून मोठा, भाड्याच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीवर दिवसपाळी करायचा. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खांबालाच असलेली ती गाडी. तो गेम खेळायचा, पण शर्यत नाही. शहर मोकळं करून द्यायचं, मग तो सिग्नल पाळत फिरायचा. त्याच्या मागण्या इतर कोणाच्या नव्हत्या. एक म्हणजे रस्त्याची डावी बाजू. अमेरिकेच्या धर्तीवर बेतलेल्या शहरांत समोरची वाहतूक त्याच्या अंगावर यायची. दुसरी म्हणजे हॉर्न वाजवला तर पुढच्यानं सरकलं पाहिजे. तिसरी, आणि ही त्यानं फार गंभीरपणे सांगितली होती, की रहदारीतल्या गाड्यांमध्ये माणसं दिसली पाहिजेत. रिकाम्या गाड्या बघून कसंतरी होतं. मी तेव्हापासून प्रत्येक गेममध्ये रहदारी बघतो. बहुतेक ठिकाणी ती नुसती ठोकरायला ठेवलेली असते. २०१८ चा ‘फोर्झा होरायझन ४’ ब्रिटनमध्ये घडत असल्यामुळे त्यात डावीकडून गाडी चालवायला मिळाली, आणि मला आधी तोच माणूस आठवला. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी अशा एखाद्या गेममध्ये यावी, ही मागणी मात्र माझी स्वतःची.

२६ जुलै २००५ ला आमच्या भागात पाणी भरलं. हिंदमाता तर साध्या पावसातही तुंबतं, त्या दिवशी काय सांगावं. तळमजल्यावरचे कॉम्प्युटर आम्ही चार जणांनी माळ्यावर चढवले, तरी खालचे दोन गेले. ते दुरुस्त करून पार्लर परत उभं राहतंय तोवर नोव्हेंबरात ‘मोस्ट वाँटेड’ आला आणि त्यानं मला सावरलं, हे मी मोकळेपणानं सांगतो. सुरुवातीलाच नायकाची बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर फसवून काढून घेतली जाते. ती परत मिळवायला रॉकपोर्ट शहरातल्या पंधरा नामचीन शर्यतबाजांना एकेक करून हरवायचं. शेवटी रेझर नावाचा तो मुख्य माणूस. पोरांना ही गोष्ट हृदयाला भिडली. कारण साधं होतं. जे माझं होतं ते माझ्याकडून घेतलं, ते परत आणायचंय. वर पोलिसांचा पाठलाग. ‘मामा लागले, मामा लागले!’ असा ओरडा झाला की बाजूच्या मशीनवरची पोरं आपला खेळ सोडून बघायला यायची.

त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी यादीतली पहिली ओळ ठरलेली असायची, ‘मोस्ट वाँटेडसारखा काढा.’ २०१२ मध्ये त्याच नावाचा भाग आला. बनवणारे नामांकित, गाड्या सुरेख, चालवायला छान. पण त्यात बहुतेक गाड्या शहरात जागोजागी उभ्या, सापडली की बसा आणि निघा. गोष्ट जवळपास नाही, प्रतिस्पर्ध्यांना चेहरा नाही, गाडी आपल्या मनासारखी सजवायची सोय नाही. पोरं थोडे दिवस खेळली आणि जुन्या ‘मोस्ट वाँटेड’वर परतली. मला त्यातून कळलं की ‘तसाच काढा’ म्हणणाऱ्याला नाव किंवा गाडीचा रंग नको असतो. त्याला पहिल्या दिवशी काही नसणं आणि शेवटच्या दिवशी काहीतरी कमावलेलं असणं हवं असतं. सगळं आयतं हातात दिलं तर देणाऱ्याला उदार वाटतं, घेणाऱ्याला त्याची किंमत राहत नाही.

पोर्शेची गोष्टही सांगायला हवी. २००० साली ‘पोर्शे अनलीश्ड’ नावाचा भाग आला होता, फक्त पोर्शे गाड्यांचा. १९५० च्या आसपासच्या ३५६ पासून सुरुवात करायची आणि काळाच्या ओघात पुढे सरकत अगदी ताज्या मॉडेलपर्यंत यायचं. जुन्या गाडीचा मागचा भाग कसा सटकतो, ब्रेक किती आधी दाबावा लागतो, हे हाताला कळायचं. माझ्या मते या मालिकेत गाडी चालवण्याचा इतका सच्चा अनुभव दुसऱ्या कुठल्या भागानं दिला नाही. पण त्या पोर्शेपायी दुसरीकडे काय झालं ते पोरांना मीच समजावून सांगायचो. ‘ग्रॅन टुरिस्मो’ खेळणारा हमखास विचारायचा, यात सगळ्या गाड्या आहेत, मग पोर्शे का नाही? गेममध्ये पोर्शे दाखवायचा हक्क बरीच वर्षं ‘नीड फॉर स्पीड’वाल्या ईए कंपनीकडे होता. त्यामुळे ‘ग्रॅन टुरिस्मो’नं रूफ या जर्मन कंपनीच्या, पोर्शेच्या सांगाड्यावर बनलेल्या गाड्या घेतल्या. तो करार २०१६ च्या अखेरीला संपला आणि २०१७ च्या ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’मध्ये पोर्शे खऱ्या नावानं आली. गाडी चेपत का नाही, काच का फुटत नाही, या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं याच गावचं. आपली गाडी चक्काचूर झालेली दाखवायला कंपन्या फारशा राजी नसतात. ‘बर्नआउट’ मालिकेत अपघात इतके रंगतदार, कारण तिथल्या गाड्या काल्पनिक.

आता एका मुलाबद्दल. मोठ्या भावाबरोबर यायचा. त्याला लहानपणापासून फार थोडं दिसायचं. उजेड कळायचा, हालचाल कळायची, त्यापुढे नाही. भाऊ खेळायचा, हा स्टुलावर बसून ऐकायचा. पहिले काही दिवस मी त्याच्याकडे नीट लक्ष दिलं नाही. मग ध्यानात आलं की हा भावाला ‘गिअर!’ म्हणून सांगतोय आणि बरोबर सांगतोय. इंजिनाचा आवाज चढत चढत एका ठिकाणी ताणला जातो, तो त्याला भावाच्या आधी कळायचा. मागून येणारी गाडी डाव्या स्पीकरमध्ये आहे की उजव्या, त्यावरून ‘डावीकडे दाब’ म्हणायचा. त्या दोघांची वेळ माझ्याकडच्या कितीतरी डोळस पोरांपेक्षा सरस होती. एकदा त्यानं विचारलं, ‘दादा, गाणी बंद होतात का? गाडी ऐकूच येत नाही.’ मी सेटिंगमध्ये जाऊन गाणी पार खाली आणली आणि इंजिन वर केलं. त्यानंतर पार्लरमधल्या सगळ्याच मशीनवर मी तसं करून ठेवलं, आणि गंमत म्हणजे कोणी तक्रार केली नाही. गाण्यांवरून या मालिकेचं एवढं कौतुक होतं, ते रास्तही आहे. पण गाडीचा आवाज ही पोरांना हवी असलेली पहिली गोष्ट होती आणि ती कोणी मागितली नव्हती, कारण ती झाकली गेली होती.

त्या मुलाला स्वतः चालवायचं होतं. तेव्हा तशी सोय मला कुठल्याही मोठ्या गेममध्ये सापडली नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ आला, त्यात दिसत नसलेल्यांसाठी मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. वळण कधी येतंय, कुठल्या बाजूला, किती तीव्र, गाडी रस्त्याच्या कडेला सरकतेय का, ब्रेक कधी, गिअर कधी, हे सगळं वेगवेगळ्या आवाजांतून कळतं. ब्रँडन कोल या दृष्टिहीन खेळाडूच्या सल्ल्यानं ती तयार झाली. हे वाचलं त्या दिवशी मी त्या मुलाच्या भावाला फोन केला. मागच्या काळातलं परत द्या अशा मागण्या मी इतका वेळ सांगतोय, पण ही खरोखर नवी मागणी होती आणि ती पुरी झाली. प्रत्येक शर्यतीच्या मालिकेनं ती जशीच्या तशी उचलावी. यात कोणाचं काही जात नाही.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि माझ्याकडची गर्दी वर्षभरात ओसरली. त्याचा मला राग नाही. पोराच्या खिशात गेम आला तर त्यानं तासाचे पैसे मला का द्यावेत? पण त्याच सुमाराला गेमही बदलत होते. माझ्याकडे गाड्यांचा एक गेम असा आला, नाव घेत नाही, की एकट्यानं खेळतानाही नेट लागायचं. भर पावसात रस्ता खणताना कोणीतरी केबल तोडली आणि तीन दिवस नेट गेलं. मशीन चालू, वीज चालू, डिस्क आत, आणि पडद्यावर ‘जोडणी होत नाही’. आठवीतला एक मुलगा आठवडाभराचे पैसे साठवून आला होता. त्याला काय सांगणार? त्याला मी ‘पोर्शे अनलीश्ड’ लावून दिला आणि तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

नुसतं नेटच नाही, नशीबही मध्ये आलं. २०१७ च्या ‘पेबॅक’मध्ये गाडीचे भाग पत्त्यांच्या रूपात मिळायचे आणि हवा तो पत्ता मिळेल की नाही हे बरंचसं दैवावर. लोकांनी इतका आवाज उठवला की कंपनीला महिन्याभरात बक्षिसांचं गणित बदलावं लागलं, आणि २०१९ च्या ‘हीट’मध्ये ते पत्ते नव्हतेच, शर्यत जिंका, पैसे कमवा, भाग विकत घ्या. म्हणजे ऐकतात. उशिरा ऐकतात, पण ऐकतात. म्हणून मागत राहायला हवं असं माझं ठाम मत आहे.

सध्या मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गेम नाहीसे होण्याची. २०२१ च्या मे महिन्यात ‘कार्बन’, ‘अंडरकव्हर’, ‘शिफ्ट’ आणि त्याचा दुसरा भाग, ‘द रन’ असे पाच भाग डिजिटल दुकानांतून एकदम काढले गेले. ‘फोर्झा होरायझन ४’ची विक्री डिसेंबर २०२४ मध्ये थांबली. गाड्यांचे, गाण्यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात, ती संपली की असं होतं. निदान ज्यांनी आधी घेतले त्यांच्याकडे ते चालतात. ‘द क्रू’चं तसंही नाही. युबिसॉफ्टनं ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांच्या घरातच बंद पडला. त्यावरून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की बंद करायचा तर करा, पण जाताना घरी चालेल अशा अवस्थेत ठेवून जा. माझ्या पार्लरमधल्या वहीच्या मागच्या पानांवर मी यादी केली असती तर आज पहिल्या क्रमांकावर हेच लिहिलं असतं. माझ्या कपाटातला ‘हाय स्टेक्स’ अजून लागतो, मेमरी कार्डासकट.

वहीत आकडे लिहिणारा तो मुलगा मागच्या वर्षी भेटला. आता कल्याणला राहतो, मुलगी तिसरीत आहे. त्याला तिच्याबरोबर बसून खेळता येईल असा गाड्यांचा गेम हवा होता. मी ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ सुचवला. त्यात पडदा कापून खेळता येतं, आणि २०२३ च्या नोव्हेंबरमधल्या बदलानंतर पीएस ५ वर चौघांपर्यंत. त्यात मागे पडणाऱ्या गाडीला थोडा जोर देणारी सेटिंगही आहे. मी म्हटलं, तुझा यावरच तर राग होता. तो म्हणाला, ‘तेव्हा मला न सांगता करत होते ना. आता आम्ही दोघं ठरवून करतोय, ती लिंबूटिंबू आहे.’ अशी सोय उघड असावी, चालू-बंद करायचं बटण खेळणाऱ्याच्या हातात असावं, हे त्यानं यादीत घालायला सांगितलं, ते घातलं. महिन्याभरानं फोन आला की मुलीनं ते बटण स्वतःच बंद केलंय आणि आता ती रोज हरते, पण उठत नाही.